कुलाबा किल्ला आणि भरती-ओहोटीचे गणित

कुलाबा म्हटले की महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला बहुधा मुंबईचे दक्षिण टोक आठवते. या टिपणातला कुलाबा तो नाही. मुंबई बंदर ओलांडून दक्षिणेला गेले की कोकणच्या किनाऱ्यावर अलिबाग लागते. त्याच्या वाळूसमोर, समुद्रातल्या खडकावर जो किल्ला दिसतो तो हा कुलाबा. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जात असे, तो याच नावाने.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जलदुर्ग पुष्कळ आहेत. मुरूडचा जंजिरा आहे, मालवणचा सिंधुदुर्ग आहे, वसईच्या उत्तरेला अर्नाळा आहे. तिथे होडीशिवाय पोचता येत नाही. कुलाब्याचे वेगळेपण असे की तो दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा किनाऱ्याला जोडला जातो. चांगली ओहोटी असेल तर अलिबागच्या चौपाटीवरून रमतगमत पंधरावीस मिनिटांत तुम्ही त्याच्या दरवाजात उभे राहता. सहा तासांनी त्याच वाटेवर पुरुषभर पाणी असते.

मी अभियांत्रिकी शिकवतो, इतिहास हा माझ्या पदवीचा विषय नाही. तरीही हे टिपण इतिहासाच्या विभागात टाकत आहे, त्याला कारण आहे. कुलाब्याला जाणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. हा किल्ला इथेच का बांधला, हा पहिला. मी परत कधी निघू, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर माहितीफलकावर शोधतात आणि दुसऱ्याचे चहाच्या टपरीवर. माझ्या मते दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे, आणि ते पाण्याच्या वेळापत्रकात आहे. ते वेळापत्रक ज्याला वाचता येते त्याला किल्ला समजतो. ज्याला येत नाही तो किल्ल्यात अडकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे वाटेत अडकतो.

किल्ला इथे का

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी घालायला सुरुवात केली. इंग्रजांनी ती रोखण्याचा प्रयत्न केला आणि ते फसले. पाठोपाठ जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट ताब्यात घेतले. खांदेरी-उंदेरी ही जोडी अलिबागच्या थोडी उत्तरेला, थळच्या समोर आहे. म्हणजे १६८० च्या आरंभी या पट्ट्यात मराठे, सिद्दी आणि इंग्रज एकमेकांच्या तोफेच्या टप्प्यात बसले होते, आणि दक्षिणेला चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज होते. अशा वेळी, मार्च १६८० मध्ये, कुलाब्याच्या बांधकामाला सुरुवात झाली. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. काम संभाजी महाराजांच्या काळात, पुढच्या वर्षी पूर्ण झाले. दर्यासारंग आणि मायनाक भंडारी या आरमारातल्या अनुभवी माणसांकडे किल्ल्याची सूत्रे होती.

आता जागा पाहा. किनाऱ्यापासून इतका जवळ खडक किल्ल्यासाठी निवडणे वरवर पाहता चुकीचे वाटते. समुद्रात बांधायचेच तर लांब का बांधू नये? पण विचार करा. शत्रू जहाजांतून आला तर त्याला जड तोफा आणायच्या आहेत, म्हणजे मोठी, खोल बुडाची जहाजे आणायची आहेत. कुलाब्याभोवतीचे पाणी उथळ आणि खडकाळ आहे. भरतीच्या वेळी पुढे आलेले जहाज ओहोटीत खडकावर बसण्याचा धोका आहे. शत्रू जमिनीवरून आला तर त्याच्यासमोर निम्मा दिवस पाणी आहे, आणि उरलेल्या निम्म्या दिवसात आडोसा नसलेला ओला सपाट तळ आहे, जो तटावरच्या तोफांना स्वच्छ दिसतो. थोडक्यात, भरतीला फौज पोचत नाही आणि ओहोटीला जहाज पोचत नाही. आतल्या शिबंदीला मात्र ओहोटीत किनाऱ्यावरून धान्य, सरपण, माणसे आणता येतात आणि भरतीत आपल्या उथळ बुडाच्या गलबतांनी ये-जा करता येते. समुद्र दोन्ही वेळा त्यांच्या बाजूने आहे.

हा तर्क मी जागेवरून आणि पाण्यावरून बांधलेला आहे, एखाद्या कागदावरून उचललेला नाही. पण याची दुसरी बाजू इतिहासात आहे. १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी जंजिऱ्याला वेढा घातला तेव्हा किनारा आणि किल्ला यांमधली खाडी दगडांनी बुजवून सैन्यासाठी वाट करण्याचा प्रयत्न केला होता. तो अर्धवट राहिला. खोल पाण्यात वाट बांधणे किती अवघड असते ते त्यावरून कळते. कुलाब्यासमोर अशी वाट समुद्र रोज दोनदा काढतो आणि दोनदा मोडतो, पण केव्हा, हे आतल्या माणसाला बाहेरून आलेल्या शत्रूपेक्षा चांगले माहीत असते. तटावर उभा असलेला भंडारी किंवा कोळी याच पाण्यावर वाढलेला होता.

अठराव्या शतकात कुलाबा कान्होजी आंग्रे यांचे मुख्य ठाणे झाले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी छत्रपती शाहूंच्या बाजूला आले तेव्हा त्यांच्याकडे कायम राहिलेल्या किल्ल्यांत कुलाबा होता. त्यांनी किनाऱ्यावर हिराकोट नावाचा कोट बांधला, म्हणजे वाटेचे जमिनीकडचे टोकही आपल्या हातात ठेवले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर मोहीम काढली. आरमार समुद्रातून आणि फौज चौलकडून जमिनीवरून, असा दुहेरी बेत होता. इंग्रज आरमाराचा प्रमुख कमोडोर मॅथ्यूज होता. हल्ला फसला. बाजीराव पेशवे मदतीला येऊन पोचले, आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून परस्पर तह केला. या पराभवाला दोस्तांमधला बेबनाव, पेशव्यांची कुमक, कान्होजींची तयारी अशी अनेक कारणे आहेत, केवळ भरती-ओहोटी नव्हे. एकाच कारणात इतिहास बसवण्याचा मोह आम्हा अभियंत्यांना फार असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पण दुहेरी हल्ल्याचा बेत कुलाब्यावर मुळातच अवघड आहे, कारण आरमाराला सोयीची वेळ आणि पायदळाला सोयीची वेळ एकमेकींपासून सहा तास लांब असतात.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. आंग्रे घराण्याचे संस्थान पुढे शतकभर टिकले आणि १८४० मध्ये कंपनी सरकारने ते खालसा केले.

तिथे काय पाहाल

किल्ला दक्षिणोत्तर लांबट आहे. सुमारे ९०० फूट लांब आणि ३५० फूट रुंद. उत्तरेला त्याला लागूनच सर्जेकोट हा छोटा कोट आहे. दोन्हींच्या मध्ये दगडी बांध आहे, तोही भरतीत पाण्याखाली जातो. मुख्य दरवाजा गावाकडे तोंड करून आहे. आत १७५९ मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे आणि जवळच पुष्करणी आहे. गोड्या पाण्याची विहीर आहे. ही विहीर नीट पाहा. चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी मिळते म्हणूनच शिबंदी इथे राहू शकली. उत्तरेच्या तटाकडे चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आहे. पुष्कळ लोक त्या तोफांवर हात ठेवून फोटो काढतात आणि त्यांना शिवकालीन समजतात. यॉर्कशायरचा तो कारखाना शिवकाळानंतर शंभराहून अधिक वर्षांनी सुरू झाला.

माझ्या विद्यार्थ्यांना मी तोफांपेक्षा तट दाखवतो. समुद्राकडच्या भिंतीत मोठे मोठे चिरे एकावर एक नुसते रचलेले दिसतात, सांध्यात चुना नाही. स्थापत्य शाखेचा विद्यार्थी पहिल्यांदा म्हणतो की चुना झिजून गेला असेल. पण हे रचलेलेच कोरडे बांधकाम आहे. लाट भिंतीवर आदळते तेव्हा सांध्यांमधल्या पाण्यावर आणि हवेवर क्षणभर मोठा दाब येतो. भिंत बंदिस्त असेल तर तो दाब दगड ढकलून बाहेर पडतो. सांधे मोकळे असतील तर पाणी आत शिरते, जोर मोडतो आणि पाणी परत वाहून जाते. दगड स्वतःच्या वजनावर आणि घर्षणावर टिकून राहतात. आज बंदरांच्या लाटरोधक बांधांवर आपण सुटे दगड किंवा चौपायी काँक्रीटचे ठोकळे टाकतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. बांधणाऱ्यांनी हे समीकरण मांडले नव्हते, पण लाट काय करते हे पाहिले होते.

पाण्याचे घड्याळ

आता दुसरा प्रश्न, परत कधी निघायचे.

भरती-ओहोटी प्रामुख्याने चंद्रामुळे होते, हे तुम्ही शाळेत शिकलात. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत त्याच्या निम्मे, म्हणजे सहा तासांहून थोडे जास्त. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्य एका ओळीत ओढतात, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. याला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, चढ-उतार कमी होतो. त्याला कोकणात भांग म्हणतात.

कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, पक्ष कोणताही चालतो. ज्यांच्या आजोबांनी पाऊणकी पाठ केली होती त्यांना यात कागद-पेन्सिल लागत नाही.

हा ठोकताळा इतका चांगला का बसतो ते पाहण्यासारखे आहे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले १२ अंशांचे अंतर. पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटे लागतात. म्हणजे खरा गुणक तिथीला ४८ मिनिटे, आणि पाऊण तास म्हणजे ४५. पंधरवड्यात फरक साठत साठत पाऊण तासापर्यंत जातो आणि पुढच्या प्रतिपदेला हिशोब पुन्हा नव्याने सुरू होतो. शिवाय मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात अमावास्या-पौर्णिमेची भरती योगायोगाने बाराच्या आसपास येते, म्हणून वेगळा आकडा मिळवावा लागत नाही. तुम्ही ओडिशात किंवा तमिळनाडूत राहत असाल तर हा ठोकताळा तिथे तसाच वापरू नका. प्रत्येक बंदराची सुरुवातीची वेळ वेगळी असते.

चढ-उतारही वेगळा असतो. चेन्नईला उधाणातही पाणी मीटरभर चढते-उतरते, भावनगरला दहा मीटरच्या आसपास. भावनगरजवळ कोळियाकला समुद्रात निष्कलंक महादेव आहे, तिथेही ओहोटीत चालत जातात. कुलाब्यासारखा किल्ला चेन्नईसमोर असता तर तो कायमचा बेट राहिला असता किंवा कायमचा किनारा.

ठोकताळा बेत आखायला चांगला, पण पाय पाण्यात टाकताना छापील कोष्टकच पाहायचे. त्या कोष्टकालाही इतिहास आहे. १८७० च्या दशकात भारतीय सर्वेक्षण खात्याने बंदरांवर भरतीमापक बसवायला सुरुवात केली. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, आणि समुद्रपातळीच्या अभ्यासात त्या आजही वापरल्या जातात. या नोंदींतून चंद्र-सूर्याचे वेगवेगळे ताल वेगळे काढण्याची पद्धत विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी मांडली होती. ते ताल पुन्हा जोडून पुढच्या वर्षाची भरती काढणारे कप्प्या-दोरीचे यंत्र १८७९ मध्ये खास भारतीय बंदरांसाठी लंडनमध्ये तयार झाले. आज तेच काम संगणक करतो आणि सर्वेक्षण खाते दरवर्षी भारतीय भरती-कोष्टके प्रसिद्ध करते. मुंबईचे कोष्टक अलिबागला काही मिनिटांच्या फरकाने चालते.

कोष्टकात दोन आकडे असतात, वेळ आणि उंची. बहुतेक लोक फक्त वेळ पाहतात. चूक इथे होते. अपोलो बंदरावर उधाणात सरासरी भरती ४.४ मीटर आणि ओहोटी ०.८ मीटर असते. भांगात भरती ३.३ आणि ओहोटी १.९. म्हणजे ओहोटी दोन्ही दिवशी आहे, पण भांगातली ओहोटी उधाणातल्या ओहोटीपेक्षा मीटरभर उंच आहे. अष्टमीला भर दुपारी बाराला ओहोटी आहे म्हणून खुशीत निघालेल्या माणसाला वाट उघडीच पडलेली दिसत नाही, ती यामुळे. शिवाय एकाच दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. कोणती खोल, हे उंचीचा आकडाच सांगतो.

आता एक उदाहरण सोडवू. वाटेतला सर्वांत खोल भाग कोष्टकाच्या मापाने १.३ मीटरवर आहे असे धरा. हा आकडा उदाहरणापुरता घेतलेला आहे, मोजलेला नाही. दिवस उधाणाचा, ओहोटी ०.८ आणि पुढची भरती ४.४, म्हणजे चढ ३.६ मीटर. खलाशांचा बारा हिश्श्यांचा नियम असा की पहिल्या तासात पाणी एक हिस्सा चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. इथे एक हिस्सा म्हणजे ३० सेंटीमीटर. पहिल्या तासाअखेर पाणी १.१ वर, वाट कोरडी. सुमारे एक तास वीस मिनिटांनी ते १.३ ला लागते. दोन तासांनी १.७, म्हणजे वाटेत ४० सेंटीमीटर, गुडघ्याशी. तीन तासांनी २.६, म्हणजे १.३ मीटर, छातीशी. चार तासांनी डोक्यावरून.

यातला दुसरा ते तिसरा तास पुन्हा वाचा. गुडघ्यापासून छातीपर्यंत एका तासात. पहिला तास फसवतो, कारण त्यात पाणी जवळजवळ हलत नाही. माणूस तटावरून पाहतो, म्हणतो अजून किती तरी वेळ आहे, आणि त्याच गतीने पुढचा अंदाज बांधतो. गणितात ज्याला वक्राचा उतार म्हणतात तो पहिल्या तासात सर्वांत कमी आणि मधल्या दोन तासांत सर्वांत जास्त असतो. शिवाय पाणी समोरून येत नाही, ते किल्ल्याला वळसा घालून दोन्ही बाजूंनी वाटेवर येते. त्या वेळी आडवा ओढा असतो, आणि मांडीपर्यंतच्या वाहत्या पाण्यात शेवाळलेल्या खडकावर पाय टिकत नाही. पोहता येणाऱ्यालाही नाही.

म्हणून हिशोब असा करा. ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावर पोचा आणि वाट उघडी पडते का ते पाहा. पाणी उतरत असताना जा. किल्ल्यातून परत निघण्याची वेळ म्हणजे ओहोटीची वेळ. वाट बंद होण्याची नव्हे. उशीर झाला तर फार तर अर्धा तास, आणि तो अर्धा तास राखीव, फोटोसाठी नव्हे. बरोबर तीस-चाळीस विद्यार्थी असतील तर तोही धरू नका. मोठ्या घोळक्यात शेवटचा मुलगा पहिल्यापेक्षा वीस मिनिटे मागे असतो, आणि पाणी शेवटच्याला गाठते.

तिथी कोणती निवडावी? पौर्णिमा-अमावास्येला सर्वांत खोल ओहोटी असेल म्हणून लोक तो दिवस धरतात. ठोकताळ्याने पाहिले तर त्या दिवशी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. सकाळची पहाटेच हुकते, आणि संध्याकाळी गेलात तर परतताना अंधार आणि चढते पाणी एकदम गाठतात. माझ्या मते द्वितीया ते चतुर्थी हे दिवस चांगले. उधाणाचा जोर अजून असतो, कारण सर्वांत मोठे उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसानंतर एक-दोन दिवसांनी येते, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान असते. पुढे सगळा दिवस उजेडाचा. यासाठी आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करावा लागतो, ही अडचण आहे खरी. मुंबई-पुण्याहून सकाळी निघणारी सहल दुपारी पोचते, आणि मग पाण्याची वेळ बसच्या वेळेला बसवली जाते. बसची वेळ बदलता येते, पाण्याची येत नाही.

भांगाचा दिवस म्हणजे निर्धोक दिवस, असाही एक समज आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो दिवस कृष्ण अष्टमीचा, म्हणजे भांगाचा होता. त्या मुलांना पाण्याचे वेळापत्रक कोणी सांगितले होते की नाही यावर मी बोलणार नाही. पण आम्हा शिक्षकांच्या सहलीच्या परवानगी अर्जात बसचा क्रमांक, चालकाचा परवाना, पालकांची सही हे सगळे असते आणि भरती-ओहोटीच्या वेळेचा रकाना नसतो, एवढे मी पाहिले आहे. माझ्या विभागाच्या अर्जात आम्ही तो घातला आहे: तिथी, ओहोटीची वेळ, उंची, आणि किल्ला सोडण्याची वेळ.

आणि वेळ चुकलीच तर? तर किल्ल्यातच थांबा. वाट बुडते, किल्ला बुडत नाही. तो तीनशे वर्षांहून जास्त काळ याच भरतीत उभा आहे. वाटेच्या निम्म्यात असाल आणि पुढे पाणी वाढताना दिसत असेल तर मागे फिरा, ज्या टोकाशी पाणी कमी त्या टोकाकडे. किल्ल्याच्या माणसांना सांगा, किनाऱ्याला फोन करा, होडी येईपर्यंत किंवा पुढच्या ओहोटीपर्यंत बसून राहा. सहा तासांची गैरसोय होते, ओरडा बसतो, बस खोळंबते. एवढेच होते. समोरून घोडागाडी पाण्यातून जाताना दिसली म्हणून तिच्या मागे चालत जाऊ नका. तिचे चाक उंच आहे, आणि हाकणाऱ्याला खालचा तळ पाठ आहे.

दोन गोष्टी कोष्टकात नसतात. एक म्हणजे वारा आणि हवेचा दाब. जोराचा वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर पाणी कोष्टकापेक्षा वर राहते, आणि हवेचा दाब एक मिलिबार उतरला की समुद्रपातळी साधारण एक सेंटीमीटर चढते. म्हणून पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ही वाट सोडून द्यावी, आकडे कितीही सोयीचे असोत. दुसरी गोष्ट म्हणजे पायाखालची जमीन. खडकाला कालवे चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. चपला गाळात रुततात आणि तुटतात. पायाला घट्ट बसणारे, भिजले तरी चालतील असे बूट घाला.

सरावासाठी एक प्रश्न. एका महाविद्यालयाची सहल कृष्ण दशमीला ठरली आहे. बस अलिबागला दुपारी १२ ला पोचते, किल्ला पाहायला दीड तास हवा, आणि एकूण ४५ विद्यार्थी आहेत. ठोकताळ्याने ओहोटीची वेळ काढा. त्या दिवशीच्या ओहोटीची उंची कोष्टकात १.६ मीटर दिली आहे असे धरा आणि वरच्या उदाहरणातली वाटेची पातळी घ्या. सहल चालत जाईल, होडीने जाईल, की तारीख बदलेल? उत्तर लिहिताना शेवटचा विद्यार्थी किनाऱ्यावर किती वाजता पोचेल तेही लिहा.